श्रवणतंतू नसलेली मुले आणि त्यांची भाषा



जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या कानात शस्त्रक्रियेने एक यंत्र बसवतात आणि मूल ऐकू लागते, ही गोष्ट आता बहुतेकांच्या कानांवरून गेलेली आहे. कॉक्लिअर इम्प्लांट हे त्या यंत्राचे नाव. आपल्यापैकी कोणी असे मूल नात्यात पाहिले असेल, कोणी त्याची हकिकत वर्तमानपत्रात वाचली असेल. परंतु ह्या यंत्राचा ज्यांना काहीएक उपयोग होत नाही अशीही काही मुले असतात, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यांचे आईबाप मोठ्या आशेने शहरातील रुग्णालयात जातात, तपासण्या होतात, आणि शेवटी डॉक्टर सांगतात की बाळाच्या कानापासून मेंदूपर्यंत जाणारा तंतूच नाही. तेव्हा कानात यंत्र बसवून लाभ होणार नाही. अशा मुलांसाठी थेट मेंदूच्या मुळाशी बसवावयाचे एक यंत्र निघालेले आहे. त्याने काय साधते, काय साधत नाही, आणि अशा मुलाच्या घरातील माणसांनी कशाचा विचार सर्वांत आधी करावा, ह्यासंबंधी आज थोडे बोलावयाचे आहे.

प्रथम आपण ऐकतो कसे ते पाहू. ध्वनीची लहर कानाच्या पडद्यावर आदळते. पडद्यामागची तीन इवलीशी हाडे ती कंपने आतल्या कानाकडे पोचवितात. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची एक नळी आहे. तिला कर्णावर्त म्हणतात. डॉक्टर मंडळी तिलाच कॉक्लिआ म्हणतात. तिच्यातील सूक्ष्म रोमपेशी कंपनांचे रूपांतर विजेच्या संदेशांत करतात. हे संदेश सुमारे तीस हजार बारीक धाग्यांच्या एका जुडीतून मेंदूकडे जातात. ही जुडी म्हणजे श्रवणतंतू. मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू ह्यांना जोडणारा जो मस्तिष्कस्तंभ, त्यात ह्या तंतूचे पहिले ठाणे आहे. तेथून पुढे अनेक टप्पे ओलांडीत संदेश मोठ्या मेंदूत पोचतो आणि मग आपण म्हणतो, ‘मला ऐकू आले.’

आपली तारसेवा २०१३ साली बंद झाली, तरी तिची आठवण पुष्कळांना असेल. गावातल्या तारघरातील यंत्र, खांबांवरून गेलेली तार आणि शहरातले मोठे तारघर, अशी ती रचना होती. बहुतेक बहिरेपणात गावातले यंत्र, म्हणजे रोमपेशी, बिघडलेल्या असतात. तार मात्र शाबूत असते. कॉक्लिअर इम्प्लांट हे त्या बिघडलेल्या यंत्राच्या जागी बसविलेले दुसरे यंत्र होय. १९५७ साली पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस ह्यांनी एका बधिर रुग्णाच्या श्रवणतंतूला विजेची चेतना देऊन ध्वनीची जाणीव करून दिली. पुढे अमेरिकेत विल्यम हाउस आणि ऑस्ट्रेलियात ग्रॅहम क्लार्क ह्यांनी ही विद्या वाढविली. आज लाखो माणसे ह्या यंत्राने ऐकतात. परंतु ह्या साऱ्याला एकच अट आहे. तार हवी. तारच घातलेली नसेल तर गावात कितीही उत्तम यंत्र आणून बसविले, तरी शहरात काही पोचावयाचे नाही.

काही मुलांत श्रवणतंतू मुळात तयारच होत नाही, किंवा इतका क्षीण असतो की तो असून नसल्यासारखा. काहींचा आतला कान सबंध घडलेलाच नसतो. काहींच्या बाबतीत मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह होऊन गेल्यावर कर्णावर्ताची नळी हाडाने भरून जाते आणि तिच्यात यंत्राची तार सरकविता येत नाही.

हे ओळखावयाचे कसे? येथे एक धोका आहे आणि तो प्रत्येक आईबापाला ठाऊक असावा. नवजात बाळांच्या श्रवणाची जी झटपट चाचणी अनेक ठिकाणी होते, तिच्यात कर्णावर्तातून उलट येणारे सूक्ष्म प्रतिध्वनी मोजतात. तंतू नसला तरी कर्णावर्त कधीकधी धडधाकट असते. मग बाळ त्या चाचणीत उत्तीर्ण होते आणि घरचे निर्धास्त होतात. म्हणून बाळ आवाजाकडे वळत नाही, दार आपटले तरी दचकत नाही, असे आढळल्यास ‘चाचणी झाली आहे’ एवढ्यावर थांबू नये. डोक्याला तारा चिकटवून मेंदूपर्यंत संदेश पोचतो की नाही हे पाहणारी दुसरी चाचणी असते. ती करून घ्यावी. तंतू आहे की नाही ह्याचा बराचसा उलगडा एमआरआयच्या चित्रात होतो. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपायाला प्रारंभ, असा दंडक तज्ज्ञांनी घालून दिलेला आहे.

आता मेंदूच्या मुळाशी बसविण्याच्या यंत्राकडे वळू. त्याला ऑडिटरी ब्रेनस्टेम इम्प्लांट म्हणतात. त्याचा जन्म मुलांसाठी झाला नाही. एका आनुवंशिक रोगात दोन्ही बाजूंच्या श्रवणतंतूंवर गाठी वाढतात. त्या काढताना तंतू वाचेलच असे नसते, आणि चांगले ऐकणारा मनुष्य कायमचा बधिर होतो. १९७९ साली लॉस एंजेलिस येथे विल्यम हाउस आणि मेंदूचे शल्यविशारद विल्यम हिट्सेलबर्गर ह्यांनी अशाच एका स्त्रीची गाठ काढताना मस्तिष्कस्तंभातील त्या पहिल्या ठाण्यावरच विद्युदग्र ठेवून पाहिले, आणि तिला ध्वनीची जाणीव झाली. पुढे एका विद्युदग्राच्या जागी अनेक विद्युदग्रांची पट्टी आली. २००० साली अमेरिकी शासनाने ह्या रोगाच्या बारा वर्षांवरील रुग्णांसाठी ह्या यंत्रास मान्यता दिली.

ज्यांना गाठ नाही, पण तंतूही नाही, अशा लहान मुलांना हे यंत्र बसविण्याचे धाडस ह्या शतकाच्या प्रारंभी इटलीतील व्हेरोना येथे व्हित्तोरियो कोलेत्ती ह्यांनी केले. त्यानंतर तुर्कस्तानात अंकारा येथील हाजेत्तेपे विद्यापीठात लेव्हेंट सेन्नारोग्लू ह्यांनी अशा मुलांवर पुष्कळ काम केले. अमेरिकेत २०१३ सालच्या सुमारास लहान मुलांवरील नियंत्रित चाचण्यांना परवानगी मिळाली. आपल्या देशात चेन्नई येथे मोहन कामेश्वरन ह्यांच्या मद्रास ईएनटी रिसर्च फाउंडेशनमध्ये ह्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत.

ह्या यंत्राचे बाहेरून दिसणारे रूप कॉक्लिअर इम्प्लांटसारखेच आहे. कानामागे ध्वनी टिपणारे एक लहान यंत्र, डोक्याच्या कातडीवर चुंबकाने चिकटणारी चकती, आणि कातडीखाली संदेश घेणारा भाग. भेद पुढे आहे. आतली तार कर्णावर्तात न जाता कवटीच्या आत जाते आणि नखापेक्षाही लहान अशी एक पट्टी मस्तिष्कस्तंभाच्या बाजूच्या एका खोबणीत ठेवली जाते. पट्टी योग्य जागी बसली की नाही हे शस्त्रक्रिया चालू असतानाच विजेच्या मापनांनी पाहावे लागते. कारण त्याच परिसरात चेहरा हलविणारा तंतू आहे, गिळण्याचे काम करणारा आहे, हृदयाच्या गतीवर सत्ता असलेला आहे. पट्टी किंचित सरकली की बोलावयाचे एकाशी आणि निरोप जावयाचा भलत्याच्या घरी! मग मुलाला चक्कर येते, घशात खवखवते, अंगाला मुंग्या येतात. म्हणून काही आठवड्यांनी यंत्र प्रथम चालू करतात तेव्हाही हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात आणि त्रास देणारी विद्युदग्रे बंद करून टाकतात. शिवाय ही मेंदूच्या आवरणाच्या आत होणारी शस्त्रक्रिया आहे. मेंदूभोवतीचे पाणी झिरपणे आणि संसर्ग होणे हे तिचे धोके आहेत. अनुभवी हातांत ते कमी होतात, नाहीसे होत नाहीत.

इतके सोसून मुलाला मिळते काय? ह्याचे उत्तर स्पष्ट सांगितले पाहिजे. बहुतेक मुलांना आवाजाची जाणीव होते. दारावरची थाप, गाडीचा भोंगा, पाठीमागून आलेली हाक कळू लागते. बोलण्याचा ताल आणि लांबी-आखूडपणा कळतो, आणि ओठांच्या हालचाली वाचण्यास त्याचा चांगला आधार मिळतो. काही मुले पाठ केलेले शब्द कानाने ओळखतात. त्यांहून थोडी मुले, समोरच्याचे तोंड न पाहता, नुसत्या ऐकण्यावर वाक्ये समजू शकतात. काही मुलांना मात्र फारसा लाभ होत नाही, आणि बधिरत्वाबरोबर दुसरे एखादे व्यंग असल्यास प्रगती आणखी मंद असते. कॉक्लिअर इम्प्लांट लहानपणी बसविलेली कितीतरी मुले सर्वसाधारण शाळेत बोलून-ऐकून शिकतात. तेच चित्र डोळ्यांसमोर ठेवून ह्या शस्त्रक्रियेकडे जाणाऱ्याची निराशा होण्याचा संभव मोठा आहे.

असे का व्हावे? कर्णावर्तात उंच आणि खर्जातील स्वरांच्या जागा पेटीच्या पट्ट्यांसारख्या ओळीने मांडलेल्या असतात. तार आत सरकवली की प्रत्येक विद्युदग्र आपापल्या पट्टीपाशी येते. मस्तिष्कस्तंभातील ठाण्यातही स्वरांची मांडणी आहे. पण ती पृष्ठभागावर पसरलेली नसून खोल आत उतरत गेलेली आहे. वरून ठेवलेल्या पट्टीला त्या पेटीच्या थोड्याच पट्ट्या दाबता येतात. आत टोचणारी सुईसारखी विद्युदग्रे गाठीच्या काही रुग्णांत वापरून पाहिली गेली. परंतु त्यांनीही बोलणे समजण्यात अपेक्षित सुधारणा झाली नाही.

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या परिचयाची एक कथा मार्काच्या शुभवर्तमानात आहे. एका बहिऱ्या, तोतऱ्या माणसाला लोक प्रभू येशूकडे घेऊन आले. त्याने त्या माणसाला गर्दीतून एकीकडे नेले, त्याच्या कानांना व जिभेला स्पर्श केला, आणि त्याचे कान उघडले व तो नीट बोलू लागला. ह्या कथेत चमत्कार एक नसून दोन आहेत, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. कान उघडणे हा पहिला. आणि त्याच घटकेला नीट बोलता येणे हा दुसरा. शल्यविशारदाच्या हाती पहिल्याचा काही अंश आला आहे. दुसरा अजून कोणाच्याच हाती नाही. तो रोज सकाळ-संध्याकाळ, घरात आणि शाळेत, वर्षानुवर्षे मुलाबरोबर बसून कमवावा लागतो. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत यंत्र चालू होताच बाळ हसते आणि आई रडते. ते हसू खोटे नाही. पण त्या क्षणी बाळाला भाषा आलेली नसते; आला असतो तो केवळ नाद, आणि त्या नादाचा अर्थ त्याला अद्याप कोणी सांगितलेला नसतो.

मी व्यवसायाने शिक्षक आहे, म्हणून ह्या दुसऱ्या भागाबद्दल अधिक बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. सहा वर्षांचे मूल पहिलीच्या वर्गात येते तेव्हा ते भाषा घेऊनच येते. आम्ही शिक्षक त्याला अक्षरे शिकवितो, बेरीज-वजाबाकी शिकवितो. भाषा आम्ही शिकवीत नाही. ती त्याने आईच्या कडेवर, ओट्यावर, अंगणात आधीच उचललेली असते. ‘का’, ‘मग’, ‘उद्या’, ‘जर’ हे शब्द फळ्यावर लिहून कोणाला समजावून देता येतील? आणि ज्या मुलापाशी हे शब्द नाहीत, त्याला रागवून, प्रेमाने, चित्रे दाखवून, कसेही शिकविले तरी विचाराचा धागा लांबत नाही. बुद्धी असते, पण तिला चालावयास वाट नसते.

ही वाट पडण्याचा काळ फार थोडा आहे. अमेरिकेतील संशोधिका अनु शर्मा आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००२ साली कॉक्लिअर इम्प्लांट बसविलेल्या मुलांच्या अभ्यासातून असे दाखविले, की साधारण साडेतीन वर्षांच्या आत ध्वनी मिळू लागला तर मेंदूतील श्रवणकेंद्राची वाढ बहुधा वयानुरूप होते. सात वर्षांनंतर मिळाला तर ती तशी होत नाही. म्हणूनच डॉक्टर ‘लवकर करा’ म्हणतात, आणि ते योग्य आहे. परंतु ह्या घाईचा एक अर्थ नेहमी निसटतो. जो काळ थोडा आहे तो केवळ ध्वनीचा नाही. तो भाषेचाही आहे. आणि भाषेला ध्वनीच लागतो असे नाही.

१९९१ साली कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठातून लॉरा ॲन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट ह्यांनी एक सुंदर निरीक्षण प्रसिद्ध केले. बधिर आईबापांच्या पोटी जन्मलेली, घरात खुणांची भाषा पाहत वाढणारी बधिर बाळे, आपली बाळे ‘बाबाबा’ करतात त्याच वयात, हातांनी बोबडे बोलतात. त्यांचे पहिले शब्दही साधारण त्याच सुमारास येतात. म्हणजे मेंदू भाषेसाठी भुकेलेला असतो. ती कानाच्या दारातून आली काय किंवा डोळ्यांच्या दारातून आली काय, त्याला दोन्ही सारखेच.

असे असता आपण काय केले? १८८० साली मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांची भाषा वर्ज्य करून केवळ बोलण्यावर भर द्यावा असा ठराव केला. त्याच दशकात मुंबईत कॅथलिक धर्माध्यक्ष लिओ म्युरिन ह्यांच्या प्रेरणेने बधिर मुलांची शाळा निघाली. ती भारतातील अशा पहिल्या शाळांपैकी होय. ज्या काळी बधिर मुलाला शिकविता येते हेच कोणास पटत नव्हते त्या काळी ती निघाली, हे तिचे पुण्य मोठे आहे. पण मिलानची छाया जगभरच्या आणि आपल्याकडील अनेक शाळांवर दीर्घकाळ राहिली. ‘खुणा शिकला तर बोलावयाचा नाही,’ हे वाक्य आजही आईबापांच्या कानी पडते. २०१० साली व्हँकुव्हर येथे त्याच परंपरेतील परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. तो एकशेतीस वर्षांनी.

श्रवणतंतू नसलेल्या मुलाच्या बाबतीत हे वाक्य विशेष घातक आहे. कारण यंत्र बसण्यापूर्वी तपासण्यांत महिने जातात, पैशाची जुळवाजुळव करण्यात महिने जातात, यंत्र बसल्यावर ते जुळवून घेण्यात वर्ष जाते, आणि एवढे होऊनही बोलणे समजेल ह्याची शाश्वती नसते. ह्या सर्व काळात मुलाने भाषेवाचून राहावे काय? बीज पेरण्याचा हंगाम पाटाच्या पाण्याची वाट पाहण्यात घालविणाऱ्या शेतकऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. पाटाचे पाणी यावयाचे तेव्हा येवो. विहिरीचे आहे ते आज द्यावे. भारतीय खुणांची भाषा निदान झाल्या दिवसापासून घरात सुरू करावी. यंत्र बसले आणि उत्तम चालले तर खुणांमुळे काही बिघडत नाही. शब्दांना टेकावयास आधीच जागा तयार असते. यंत्र फारसे चालले नाही, तरी मुलापाशी भाषा असते. मग ते शिकते, प्रश्न विचारते, भांडते, गोष्टी सांगते.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी मराठी माणसे. आपल्या घरात मराठी, दारात कन्नड, कोंकणी, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू असते. ‘आमच्या बधिर बाळाशी कोणत्या भाषेत बोलू?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, आणि शेजारच्या शाळेची भाषा घरात आणून आईने अडखळत बोलावे असाही सल्ला मिळतो. माझे मत असे, की आई ज्या भाषेत सहज रागावते आणि सहज लाड करते, तीच भाषा बाळाशी बोलावी. आणि खुणांच्या भाषेची एक सोय आपल्यासारख्यांना मोठी आहे. प्रांतोप्रांती तिचे काही शब्द बदलतात, पण व्याकरण देशभर बहुतांशी एकच आहे. बेळगावात शिकलेले मूल बडोद्यास किंवा हैदराबादेस गेले तर परके ठरत नाही. दिल्ली येथे २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तिचा शब्दकोश तयार केला असून २०२१ साली त्यात दहा हजार शब्द झाले.

ज्यांच्यावर हा निर्णय घेण्याची पाळी आली आहे त्यांनी शल्यविशारदाला काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. तंतू अजिबात नाही की क्षीण आहे? क्षीण असल्यास आधी कॉक्लिअर इम्प्लांट करून पाहणे योग्य ठरेल काय? आपण अशा किती मुलांवर शस्त्रक्रिया केली आणि पाच वर्षांनी ती मुले काय ऐकतात? यंत्र जुळविण्यासाठी किती वेळा यावे लागेल, आणि आमच्या गावाजवळ ते काम कोण करील? पुढे एमआरआय करावा लागला तर आतल्या चुंबकाचे काय? शासकीय योजनेचे साहाय्य ह्या यंत्राला मिळते की केवळ कॉक्लिअर इम्प्लांटला? सल्ल्यासाठी मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, तिचे सिकंदराबाद येथील केंद्र, आणि म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था ही ठिकाणे आपल्या आवाक्यातील आहेत.

कोणी पालक सर्व विचार करून शस्त्रक्रिया करवून घेतील, कोणी धोका नको म्हणून थांबतील. दोघांनाही नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. तान्ह्या मुलाच्या मेंदूजवळ शस्त्र न्यावे की नाही हे ठरविणे किती कठीण असते हे त्यांचे त्यांनाच माहीत. आपण शेजारी, नातलग, शिक्षक इतकेच करू शकतो की त्या मुलाला ‘मुका’ म्हणावयाचे सोडून द्यावे आणि त्याच्या दहा-वीस खुणा आपणही शिकून घ्याव्यात. यंत्र त्याच्या डोक्यात बसो वा न बसो, त्याच्याशी बोलणारी माणसे त्याच्याभोवती असणे हे आपल्या हातचे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही शस्त्रक्रियेची वाट पाहावी लागत नाही.